कुठल्या दाराने आलीस?

आमच्या घराला दोन दारं आहेत, एक पुढचं आणि एक मागचं. दोन्ही दारं स्वयंपाकघरापासून सारख्याच अंतरावर आहेत. हे एवढ्यासाठी सांगते की गेली सत्तावीस वर्षं मी घरात पाऊल टाकलं की आमचे हे पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या दाराने आलीस?" दमलीस का, नाही. पाणी देऊ का, नाही. कुठल्या दाराने आलीस! मी समोर धडधडीत उभी असते, हातात जड पिशवी असते, आणि या माणसाला दाराची पडलेली असते. संशय वगैरे काही नाही हो. त्यांना फक्त माहीत असायला हवं असतं. माहीत नसलं की त्यांना घास गिळवत नाही.

घरातलं एक वेळ सोसलं असतं. पण मी ज्या विज्ञान केंद्रात काम करते, त्याच केंद्राचे हे सुरक्षाप्रमुख. केंद्रालाही दोनच गेटं, पूर्वेचं आणि पश्चिमेचं. आत येणारा प्रत्येक जीव कुठल्या गेटाने आला आणि कुठल्या गेटाने गेला, हे यांच्या जाड वहीत असतं. एका पानावर मी स्वतः वाचलंय: "मांजर, पांढरी. प्रवेश पूर्व. प्रस्थान पश्चिम. सोबत उंदीर एक." उंदराचा प्रवेश कुठल्या गेटाने झाला ते सापडलं नाही म्हणून हे दोन दिवस अस्वस्थ होते.

मी सांभाळते ती अंधारखोली. दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला, दोन काळ्या पडद्यांच्या आड. आत चार बाकं आणि एक लांबलचक टेबल. टेबलाच्या एका टोकाला लेझर. त्याच्यापुढे वेल्डिंगवाले डोळ्यांना लावतात तसल्या काळ्या काचा, एकामागे एक पाच. मग एक पितळी डबा. त्या डब्यात काळा रंग दिलेली काच आहे आणि रंगावर ब्लेडने ओढलेल्या दोन बारीक उभ्या फटी. मीच ओढल्यात त्या. सतरा काचा फुकट गेल्या आणि अठरावी जमली. डब्यापुढे हातभर नळी, नळीच्या तोंडापासून चार बोटं सोडून कॅमेरा, आणि भिंतीवर मोठा टीव्ही. हे सगळं सरांनी जमवलं. सर म्हणजे केंद्राचे एकुलते एक शास्त्रज्ञ. ते दिवसाला सात कप चहा पितात आणि जगात दोनच गोष्टींना भितात. एक, पडदा नीट न लावणारे लोक. दुसरे आमचे हे.

माणसं येऊन बसली की मी दिवा घालवते आणि सांगायला लागते. काळ्या काचांनी प्रकाश इतका मंद केलाय की एका वेळी प्रकाशाचा एकच कण निघतो. एकटा. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. टीव्हीवर एक टिपका उमटतो. मग दुसरा, भलतीकडेच. पुढचा कुठे पडेल? कोणालाही सांगता येणार नाही. मला नाही, सरांना नाही, आणि जो सांगतो तो थापाड्या. पण वीस मिनिटं दम धरा. टिपके साठत जातात आणि हळूहळू उभे पट्टे दिसायला लागतात. उजळ, काळा, उजळ, काळा. आता असे पट्टे लाटांचे पडतात. बादलीतल्या पाण्यात दोन बोटं बुडवून हलवा, दोन्हीकडून लाटा निघतील. जिथे चढावर चढ येतो तिथे पाणी उसळतं, जिथे चढ आणि उतार गाठ घेतात तिथे सपाट राहतं. पण इथे तर बोट एकच! एकटा कण दोन्ही फटींतून लाट होऊन जातो, आणि पडताना मात्र शहाण्यासारखा एकाच जागी टिपका होऊन पडतो.

इथवर आले की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. लोकांच्या येत नाही. लोक म्हणतात, "बाई, तुमचा टीव्ही बिघडलाय."

तर अशी माझी खोली. ती जाणार होती.

संचालिका मॅडमनी सोमवारी मला आणि सरांना बोलावून घेतलं. त्या वाईट नाहीत, पण त्यांना आकड्यांचं वेड. "अंधारखोलीत आठवड्याला अकरा माणसं येतात," त्या म्हणाल्या, "आणि त्यातली चार स्वच्छतागृह शोधत येतात." त्यांना माझ्या खोलीत हसरे आरसे लावायचे होते. म्हणजे ज्यात माणूस जाडा दिसतो, बारीक दिसतो, डोकं भोपळ्याएवढं दिसतं ते. सर म्हणाले, "मॅडम, शनिवारी विश्वस्त येतायत. त्यांना एकदा पट्टे बघू द्या. मग ठरवा." मॅडमनी ते मान्य केलं. पट्टे दिसले तर खोली राहील. नाही दिसले तर सोमवारपासून आरसे.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही पिशव्यांच्या खिडकीवर. पूर्व गेटापाशी."

पिशव्यांची खिडकी सुरक्षा विभागात येते. म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मी आमच्या ह्यांच्या हाताखाली! घरी यायचं ते कुठल्या दाराने आलीस, आणि दिवसभर बसायचं ते कुठल्या गेटाने आलात हे लोकांना विचारत. बावीस वर्षं मी त्या अंधारात बसलेय. जगात एवढी एकच जागा आहे जिथे कुठून गेला हे कोणी विचारत नाही आणि त्यातून काहीतरी सुंदर होतं. ती खोली माझी होती, आणि ती जाऊ नये असं मला फार फार वाटत होतं.

त्याच आठवड्यात नेमकी व्हरांड्यातली बॅटरी चोरीला गेली. साधी हातातली बॅटरी, पण मॅडमनी परिपत्रक काढलं: ज्या दालनाला दोन वाटा असतील, तिथे दोन्ही वाटांवर लक्ष ठेवावं. बुधवारी हे परिपत्रकाची घडी हातात घेऊन अंधारखोलीत आले. पडदे मोजले. बाकांखाली वाकून पाहिलं. मग पितळी डब्यापाशी थांबले.

"यात काय?"

"दोन फटी," सर घाबरत म्हणाले.

"म्हणजे दोन वाटा. यातून काय जातं?"

"प्रकाशाचे कण. एका वेळी एक."

आमच्या ह्यांचा चेहरा उजळला. एका वेळी एक, हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न. "वा! शिस्त आहे. मग प्रत्येक कण कुठल्या फटीतून गेला त्याची नोंद कुठंय?"

"नोंद नाही."

"का नाही?"

"कारण तो दोन्हींतून जातो."

ह्यांनी परिपत्रकाची घडी खिशात घातली. मग लहान मुलाची समजूत काढावी तसे म्हणाले, "सर, माझी तीस वर्षं गेटावर गेली. एक माणूस दोन गेटांनी जात नाही. तुमचं लक्ष नसतं, एवढंच."

सर चिडले. चिडले की त्यांचे हात थरथरतात, म्हणजे एरवीपेक्षा जास्त. हे म्हणाले, एक फट बंद करून टाका. सर म्हणाले, पट्टे जातील. हे म्हणाले, मग फट आणखी अरुंद करा, म्हणजे कण नेमका कुठून गेला ते तरी पक्कं होईल. सर म्हणाले, "अरुंद कराल तितका तो पलीकडे जास्त पसरतो. कुठे आहे ते पक्कं केलंत की कुठे पळणार ते सुटतं. दोन्ही एकदम हातात येत नाही. निसर्गाचाच नियम आहे तो, माझा नाही."

आणि नवल म्हणजे हे त्यांना लगेच पटलं. "हे मी पाहिलंय," ते म्हणाले. मागच्या वर्षी शाळेची सहल आली तेव्हा यांनी पश्चिम गेट जेमतेम एक पोर जाईल इतकंच उघडं ठेवलं होतं. प्रत्येक पोर नेमकं कुठून गेलं ते यांना चोख माहीत होतं. पण त्या फटीतून दाबून निघालेली पोरं पलीकडे जी उधळली, ती एक झाडावर, दोन कारंज्यात आणि एक थेट संचालिका मॅडमच्या खुर्चीत सापडलं. "बरोबर आहे," हे म्हणाले. "अरुंद नको. पण मग फटीची ओळख पटवायची तरी कशी?"

इथे सरांनी चूक केली. वैतागून ते म्हणाले, "शिक्का मारा! डावीकडून जाणाऱ्याला एक, उजवीकडून जाणाऱ्याला दुसरा. थ्रीडी चष्म्याच्या दोन काचा असतात ना? एक एका बाजूला कललेला प्रकाश सोडते, दुसरी दुसऱ्या बाजूला. लावा एकेक काच एकेका फटीला. पण मग..."

तेवढ्यात मॅडमचा फोन आला आणि सर धावत गेले. "पण मग" तिथेच राहिलं. ह्यांनी ते ऐकलं की नाही देव जाणे. सांगून ठेवते, आमच्या केंद्रात डायनासोरांचा थ्रीडी खेळ चालतो, आणि त्याचे चष्मे खेळ संपल्यावर परत गोळा करायचं काम सुरक्षा विभागाकडे आहे.

शुक्रवारी आम्ही शनिवारची तालीम केली. दिवा घालवला, लेझर लावला, वीस मिनिटं बसलो. टिपके पडत होते. पण पट्टे नाहीत! भिंतीला ओल यावी तसा एक रुंद, फिकट डाग, बस. सरांनी लेझर तपासला. कॅमेरा तपासला. काळ्या काचा पुसल्या. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा डाग. डबा कोणी उघडला नाही, कारण आतली काच केसभर जरी हलली तरी पुन्हा जुळवायला सहा तास लागतात आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. सर लिफ्टला बोल लावू लागले, मग रस्त्यावरच्या ट्रकला, मग माझ्या शिंकेला. मी म्हटलं, तुमच्या सात कप चहाने टेबल हलतं. बावीस वर्षांत आम्ही पहिल्यांदा भांडलो. शेवटी सर बाकावर बसले आणि म्हणाले, "बाई, बहुतेक आपलं नशीबच फुटलं."

घरी मी तोंड पाडून बसले होते. हे मात्र खुशीत होते, चक्क गुणगुणत होते. "तुझ्या खोलीची काळजी करू नकोस," ते म्हणाले. "मी तिथलं काम चोख करून ठेवलंय." मला वाटलं, कुलूप बदललं असेल.

शनिवारी चार वाजता विश्वस्त आले. पाच जण. आधी त्यांना डायनासोर दाखवून आणलं होतं. सगळ्यांत वडील विश्वस्त म्हणजे एक काठीवाले आजोबा, डाव्या कानाने बहिरे, म्हणून सतत मान कलती करून उजवा कान पुढे धरणारे. थ्रीडीचा चष्मा काढायला ते विसरले होते आणि तसेच मजेत येऊन बसले. मी दिवा घालवला. जीव तोडून बोलले. बादली सांगितली, दोन बोटं सांगितली, पुढचा टिपका कुणालाच सांगता येत नाही हे सांगितलं. आजोबांनी दोनदा टिपका ओळखायचा प्रयत्न केला आणि दोनदा हरले. वीस मिनिटं संपली.

डाग.

कोणीतरी खाकरलं. मॅडमनी मोबाइलच्या उजेडात घड्याळ पाहिलं. "बरं," त्या हळूच म्हणाल्या, "मग आरशांचं बघू या." त्यांनी ते इतक्या सौम्यपणे म्हटलं की मला रडूच फुटायला आलं.

आणि तेव्हा पडदा सरकवून हे आत आले. पाच चष्मे गेले होते आणि चारच परत आले होते, पाचव्याच्या मागावर ते आले होते. टीव्हीच्या उजेडात सगळ्यांची तोंडं बघून त्यांना काहीतरी गडबड आहे एवढं कळलं, आणि माझी बाजू सावरावी असं त्यांना मनापासून वाटलं असणार. ते छाती काढून म्हणाले, "मॅडम, पट्ट्यांचं मला कळत नाही. पण सुरक्षेच्या दृष्टीने ही खोली आता एक नंबर आहे. इथून जाणारा प्रत्येक कण डाव्या फटीतून गेला की उजव्या, हे आता सांगता येतं."

सर सावकाश उठून उभे राहिले. "काय म्हणालात?"

"शिक्के मारले ना! तुम्हीच सांगितलंत. गुरुवारी संध्याकाळी. डाव्या फटीला चष्म्याची डावी काच, उजवीला उजवी. भिंग लावून, चिमट्याने, झटपट गोंदाने. काच केसभरसुद्धा हलू दिली नाही." आणि खरं सांगते, हलली नसणारच. हे तरुणपणी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा हात दगडासारखा स्थिर आहे.

सर मटकन खाली बसले, बाकावर नाही, जमिनीवर.

माझा मात्र तोल गेला. समोर विश्वस्त आहेत, मॅडम आहेत, कसलं म्हणून भान राहिलं नाही. "अहो!" मी ओरडले. "सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं माझ्या मागे लागलात, मांजराच्या मागे लागलात, आता प्रकाशाच्या मागे लागलात! कुठून गेला, कुठून आला! काय करायचंय तुम्हाला? पोहोचतोय ना तो? येतेय ना मी घरी?"

हे गांगरले. "अगं, पण मी अजून कोणाचा शिक्का तपासलासुद्धा नाही. नुसती सोय करून ठेवली."

"तेवढ्यानेच जातात," सर जमिनीवरून म्हणाले. "कोणी बघायचीही गरज नाही. कुठून गेला हे कळू शकेल अशी सोय केली, की तो दोन्हींतून गेला असं राहत नाही. पट्टे संपले."

ह्यांचा चेहरा पडला. इतका पडला की माझा राग अर्धा तिथेच विरला, पण मी तसं दाखवलं नाही.

"मग पुसा की ते शिक्के," आजोबा म्हणाले. म्हातारा ऐकत सगळं होता.

"गोंद खरवडला तर रंग निघेल," सर म्हणाले, "आणि रंगाबरोबर फटीही..." ते बोलता बोलता थांबले आणि आजोबांकडे टक लावून बघू लागले. आजोबा नेहमीप्रमाणे मान कलती करून बसले होते, थ्रीडीचा चष्मा लावून. "आजोबा, हलू नका," सर म्हणाले आणि उठले. त्यांनी आजोबांच्या नाकावरून तो चष्मा अलगद काढला आणि हवेत कलता धरला. "हे बघा. चष्म्याची काच सरळ धरली तर ती एका शिक्क्याचा प्रकाश सोडते आणि दुसऱ्याचा अडवते. पण अशी, बरोबर मधल्या कलाने धरली, तर दोन्ही शिक्क्यांचा अर्धा अर्धा प्रकाश पलीकडे जातो, आणि जो जातो त्याच्यावर एकच शिक्का असतो. हिचा. आधीचा कुठला होता ते मग कोणालाच ओळखता येत नाही. कॅमेऱ्यापुढे ही अशी धरली, तर शिक्के पुसल्यासारखेच आहेत!"

"मग धरा!" मी म्हटलं.

सरांनी चष्मा नळी आणि कॅमेरा यांच्यामध्ये धरला. टीव्हीवर टिपक्यांची नुसती गर्दी नाचली, इतका त्यांचा हात थरथरत होता. सात कप. मी धरला, तर माझा हात रागाने थरथरत होता. चष्मा उभा राहील असा स्टँड नव्हता, आणि शोधायला वेळ नव्हता. मॅडम उठून उभ्या राहिल्याच होत्या.

मग आम्ही सगळे ह्यांच्या हातांकडे बघायला लागलो.

"किती वेळ धरायचा?" त्यांनी विचारलं.

"चाळीस मिनिटं," सर म्हणाले. "अर्धा प्रकाश ही काचच खाणार."

"आणि नोंद?"

"नोंद राहणार नाही. नंतर कधीही, कोणालाही, कोण कुठल्या फटीतून गेला ते कळणार नाही. तुम्हालाही."

अंधारात मला त्यांचा चेहरा नीट दिसला नाही. पण हा माणूस उंदरापायी दोन दिवस जेवला नव्हता, हे मला माहीत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून बाकावर ठेवली, दोन्ही कोपर टेबलाला टेकवले आणि चष्मा कलता धरला. "कर सुरू," ते म्हणाले.

मॅडम बसल्या.

ती चाळीस मिनिटं मी विसरणार नाही. पहिल्या पाच मिनिटांत मूठभर टिपके. आजोबांनी पुढचा टिपका कुठे पडेल ते सांगायचा चंगच बांधला होता आणि दर वेळी हरल्यावर ते "हात तिच्या!" म्हणून काठी आपटायचे. सर म्हणायचे, आजोबा, टेबल हलतं. बाराव्या मिनिटाला ह्यांच्या नाकाला खाज सुटली. ते तोंड वेडंवाकडं करायला लागले, पण हात हलला नाही. शेवटी मीच जाऊन त्यांचं नाक खाजवलं. विश्वस्तांसमोर! "जरा डावीकडे," ते पुटपुटले.

विसाव्या मिनिटाला त्यांच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. "साहेब, पश्चिम गेटावर एक गृहस्थ आहेत. जाताना दोन छत्र्या आहेत. येताना एक होती. ओव्हर."

ह्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली.

"साहेब? दोन छत्र्या. सोडू का? ओव्हर."

हात हलला नाही.

"साहेब, ते म्हणतात ते पूर्व गेटाने आले होते. पूर्व गेटावाला म्हणतो आले नव्हते. साहेब? साहेब, ते गेले. ओव्हर."

त्यांच्या तोंडून एक बारीक कण्हल्यासारखा आवाज निघाला, पण हात? दगड! मला त्या क्षणी त्या माणसाचं इतकं कौतुक वाटलं की सत्तावीस वर्षांत वाटलं नसेल. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि पाठीवर हात ठेवला, तेही अगदी हलकेच, म्हणजे चष्मा हलायला नको.

तिसाव्या मिनिटाला आजोबा काठीवर रेलून पुढे झाले. "अरे," ते म्हणाले. "अरे, हे काय?"

पट्टे! आधी मधला, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे. उजळ, काळा, उजळ, काळा. टिपक्या टिपक्याने भरत गेले. मॅडमचा मोबाइल हातातच राहिला. चाळीस मिनिटं झाली तेव्हा आजोबांनी टीव्हीपाशी जाऊन काठीच्या टोकाने पट्टे मोजले. सात. मग त्यांनी वळून आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही यांचे कोण?"

"हे माझे मिस्टर," मी म्हटलं.

"आरसे जिन्यापाशी लावा," आजोबा मॅडमना म्हणाले. "जागा आहे तिथे. ही खोली राहू द्या. आणि पुढच्या शनिवारी माझ्या बायकोला घेऊन येतो, तिलाही हे बघू दे." मग ते निघाले, आणि दारात थांबून म्हणाले, "माझा चष्मा?"

"तो केंद्राचा आहे," हे म्हणाले. एवढ्या सगळ्यात तेवढं त्यांनी सोडलं नाही.

सगळे गेल्यावर ह्यांना बोटं सरळ करता येईनात. मी ती एकेक करून चोळली. सर आठवा कप प्यायला गेले. हे टोपी घालून पश्चिम गेटाकडे गेले, दोन छत्र्यांचा तपास करायला. तो लागला नाही. मला मागून कळलं की वहीत त्यांनी त्या गृहस्थांपुढे "प्रवेश" लिहून पुढची जागा कोरी सोडली होती. त्या वहीतली माणसापुढची ती पहिली कोरी जागा.

यंत्र झाकून, पडदे लावून मी निघाले तोवर हे घरी पोहोचले होते. मी घरात शिरले. हातात पिशवी, डोक्याला घाम, नेहमीचंच. हे स्वयंपाकघरात शेगडीपाशी उभे होते, चहाचं भांडं ठेवून. माझी चाहूल लागली तशी त्यांनी वळून पाहिलं आणि सवयीने तोंड उघडलं. मी वाट बघत उभी राहिले. ते तोंड तसंच उघडं राहिलं, मग मिटलं. त्यांनी पाण्याचा पेला भरून माझ्यापुढे धरला.

आता मलाच राहवेना. "अहो, विचारा ना," मी म्हटलं. "कुठल्या दाराने आले ते."

त्यांनी उतू येणारा चहा खाली घेतला. मागच्या दाराकडे पाहिलं नाही, पुढच्याकडेही नाही.

"नको," ते म्हणाले. "पट्टे जातील."